आजोबांची दुभाषी

धुलाईच्या दुकानात कुणीतरी मशीनला शिव्या घालत होतं, आणि त्या शिव्या फ्रेंच होत्या.

आकोफा दोग्बेनं हातातली उशीची खोळ तशीच धरून मागे वळून पाहिलं. काचेबाहेर फेब्रुवारीचा बर्फ पडत होता, आत साबणाचा आणि ओल्या लोकरीचा वास. बार्टन फॉल्समध्ये येऊन तिचा हा दुसरा हिवाळा. या दुकानात तिनं सोमालीतली भांडणं ऐकली होती, पोर्तुगीजमधली लाडीगोडी ऐकली होती, लिंगालातली गाणीही ऐकली होती. पण ही फ्रेंच तिच्या टोगोमधली नव्हती, आणि टीव्हीवर ऐकू येते ती पॅरिसचीही नव्हती. माळ्यावरून काढावी आणि धूळ न झटकताच वापरायला घ्यावी, तशी जुनी, खरखरीत. शिव्यासुद्धा न्याऱ्याच. चर्चमधल्या पूजेच्या भांड्यांची एकेक नावं घेऊन तो म्हातारा मशीनला झोडपत होता.

पायजम्यावर जाड कोट, पायात घरातल्या सपाता, सपातांवर बर्फ. मशीन रिकामंच होतं.

"आजोबा," ती फ्रेंचमध्ये म्हणाली, "त्याला नाणी लागतात. शिव्यांवर नाही चालत ते."

म्हातारा वळला. त्याचं तोंड उघडं राहिलं, आणि डोळे बघता बघता भरून आले.

"तुला... माझं बोलणं समजतं?"

"सगळं समजलं. त्यातलं अर्धं समजायला नको होतं."

त्यानं तिचा हात जो धरला तो सोडलाच नाही. तिला बाकावर बसवून घेतलं आणि बांध फुटावा तसा बोलत सुटला. त्याचं नाव नॉर्माँ. बायको गेली, तिच्या हातचं वाटाण्याचं सूप गेलं. घरातली सगळी माणसं वेडी झालीत, समोर उभी राहून काहीबाही आवाज काढतात, शब्द म्हणून एक तोंडातून निघत नाही. आकोफा हसली, मग हसायची थांबली. कारण म्हातारा थट्टा करत नव्हता.

तेवढ्यात दार धाडकन उघडून एक उंच माणूस आत आला. डोक्यावर टोपी नाही, भुवयांवर बर्फ, हातमोजा एकाच हातात.

"पेपेर!" तो ओरडला. इथल्या जुन्या फ्रेंच घरांतून आजोबांना पेपेर म्हणतात, हे आकोफाला नंतर कळलं. तो धावत आला आणि मध्येच थबकला. म्हातारा बाईशी गप्पा मारत होता. हातवारे करत होता.

"ते... बोलतायत?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"बोलतायत म्हणजे? थांबतच नाहीयेत."

तो गुडघे दुमडून म्हाताऱ्याच्या पायाशी बसला आणि सपातांवरचा बर्फ हातानं झटकू लागला. झटकता झटकताच त्यानं सांगितलं. शरद ऋतूत आजोबांना मेंदूचा झटका आला होता. हातपाय हळूहळू सावरले, पण इंग्रजी गेली ती गेलीच. मागाहून शिकलेली भाषा कधी कधी अशी पुसली जाते आणि लहानपणची राहते, असं डॉक्टर म्हणाले होते. पण लहानपणची भाषा घरात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. हा नातू आजोबांच्याच हाताखाली वाढलेला. वडील लवकर गेले, आई दुसरं लग्न करून फ्लोरिडाला. आणि आता ज्या एका माणसाशी तो जन्मभर बोलत आला, त्याच्याशीच त्याला बोलता येत नव्हतं.

म्हातारा त्याच्याकडे बोट दाखवून बरंच काही बोलला.

"काय म्हणतायत?"

म्हातारा म्हणाला होता: हा माझा नातू, सोन्यासारखा आहे, पण न्हाव्याकडे जात नाही, आणि लग्नाचं नाव काढलं की तळघरात जाऊन बॉयलर दुरुस्त करत बसतो.

"म्हणतात, नातू चांगला आहे."

"एवढं लांबलचक बोलले आणि अर्थ इतकाच?"

"फ्रेंच भाषा जरा पाल्हाळिक असते," आकोफा म्हणाली.

त्यानं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. करडे डोळे, पापण्यांवर वितळणारं पाणी. मग हसला आणि हात पुढे केला. "रेमी. रेमी डेसजार्डिन्स."

"देझार्दँ," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचं आडनाव. देझार्दँ. म्हणजे बागांमधले."

त्यानं ओठ हलवून ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं. "म्हणजे जन्मभर मी दुसऱ्याच कुणाचं नाव सांगत फिरलो."

"माणूस तोच दिसतोय," ती म्हणाली आणि लगेच खोळीची घडी घालू लागली. कान गरम झाले होते... दुकानातल्या मशीनच्या वाफेनं असेल.

रविवारी येऊन आजोबांशी थोडं बोलाल का, असं त्यानं विचारलं. आकोफाच्या जिभेवर नाही होतं. दुपारपर्यंत ब्रेडच्या कारखान्यात उभं राहायचं, संध्याकाळी नर्सिंगचा वर्ग, आठवड्यात एक रविवार काय तो आपला. पण म्हाताऱ्यानं तिचा हात अजून धरून ठेवला होता.

आकोफा टोगोमधल्या पालिमे गावची. लॉटरीच्या व्हिसावर आलेली. जगातल्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसं आपल्याकडे यावीत म्हणून हा देश दरवर्षी नावांची सोडत काढतो. तिचं नाव निघालं तेव्हा शेजारणी तिच्या आईला म्हणाल्या होत्या, आता तुझी पोर ढगातल्या घरात राहणार. आकोफा पोचली ती मेन राज्यातल्या या बंद पडलेल्या गिरण्यांच्या गावात. नदीकाठी लाल विटांच्या लांबच लांब इमारती, अर्ध्या खिडक्या फुटलेल्या. गिरण्या गेल्या तशी माणसं गेली होती. मग सोमाली आले, कॉंगोचे आले, अंगोलाचे आले, आणि बंद दुकानांच्या फळ्या पुन्हा निघाल्या. मुख्य रस्त्यावर आता बकऱ्याचं मटण मिळायचं, त्याच्याच शेजारी मेपलचा पाक.

आई फोनवर नेहमी एकच विचारायची, तिथली माणसं कशी आहेत गं?

"आई, इथे दिसेल त्याला 'कसे आहात' विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. पण गाडी बर्फात रुतली की तीच माणसं फावडं घेऊन येतात, नावसुद्धा न विचारता."

"मग चांगली म्हणायची की वाईट?"

"अजून ठरत नाहीये माझं."

रविवार सुरू झाले. देझार्दँचं घर टेकाडावर होतं, लाकडी, तळघरातल्या बॉयलरनं भरपूर तापवलेलं. पहिल्याच रविवारी आकोफानं आत येऊनही कोट काढला नाही, तेव्हा रेमी काही न बोलता खाली गेला आणि थोड्या वेळानं घर असं तापलं की आजोबांनी सदऱ्याची बटणं सोडली.

आधी कामाचं बोलणं झालं. दुखतं कुठे, गोळी का थुंकता, रात्री कुणाला हाका मारता. आकोफा मध्ये बसून इकडचं तिकडे करायची. पण कामाचं लवकर संपलं, आणि आजोबा पडले गप्पिष्ट. ते तिची चौकशी करायचे, पालिमेच्या डोंगरांची, तिथल्या कोकोच्या झाडांची. मध्येच नातवाकडे बघून काहीतरी टोमणा मारायचे, आणि आकोफाच्या चेहऱ्यावरची रेष हलायची.

"आता काय म्हणाले?"

"म्हणाले, आज हवा बरी आहे."

"हवेबद्दल बोलताना माझ्या नाकाकडे का बघत होते?"

"तुमचं नाक हवेत आहे म्हणून."

असं चालायचं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, त्यामुळे दोघं एकमेकांना नेमकं कधी 'तू' म्हणू लागली हे सांगता यायचं नाही. पण बोलण्यातला सूर बदलला होता खरा.

एकदा रेमी म्हणाला, "पेपेर तुझ्याकडे बघून सारखं 'बेल, बेल' म्हणतात. म्हणजे काय?"

आकोफानं क्षणभर छताकडे पाहिलं. "बेल म्हणजे... दारावरची घंटा."

त्यानं गंभीरपणे मान हलवली. पुढच्या रविवारी तिनं दार वाजवलं. रेमीनं दार उघडलं, चौकटीला टेकून उभा राहिला आणि तिला वाट दिली नाही. केस कापलेले होते.

"आज दारावरची घंटा फार सुंदर दिसतेय," तो म्हणाला.

"तू शब्दकोश बघितलास."

"ग्रंथालयात. बेल म्हणजे सुंदर. तिथल्या बाईंनाही बघायला लावला, खात्री करायला."

आतून आजोबांनी ओरडून विचारलं की दार उघडं टाकून काय चाललंय. दोघांपैकी कुणीच त्याचं भाषांतर केलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला ती तिघं तळ्यावर गेली. आजोबांची तिथे गोठलेल्या पाण्यावर लाकडी खोपटी होती. आत छोटी शेगडी, बर्फात पाडलेलं भोक, आणि त्यातून गळ टाकून दिवसभर बसायचं. रेमीनं आजोबांना घसरगाडीवर बसवून ओढत नेलं आणि परत आला, तर आकोफा काठावरच उभी.

"चल ना."

"हे पाणी आहे, रेमी."

"होतं."

"आमच्याकडे पाण्यावरून चालल्याची गोष्ट फक्त रविवारी चर्चमध्ये सांगतात."

त्यानं हात पुढे केला. हातमोजा काढून. तिनंही हातमोजा काढला, का ते तिला माहीत नाही, हातमोजा घालूनही हात धरता आलाच असता. बर्फ खालून कुरकुरत होता, मध्येच लांब कुठेतरी घुमल्यासारखा आवाज यायचा आणि तिची बोटं घट्ट व्हायची. खोपटीपर्यंतचं अंतर काही मोठं नव्हतं. ती दोघं मात्र फार हळू चालली.

आत शेगडीपाशी बसल्यावर रेमीनं तिला आजोबांना एक प्रश्न विचारायला सांगितला. मनात बरेच दिवस असावा, कारण तो विचारताना पाण्यातल्या दोरीकडे बघत होता. "त्यांनी आम्हाला फ्रेंच का नाही शिकवली?"

आजोबांनी शेगडीवर हात धरले. मग बोलू लागले, आणि आकोफा हळू आवाजात मागून सांगत गेली. त्यांचे वडील क्यूबेकहून गिरणीत कामाला आले. त्या काळी नदीपलीकडे पांढरे बुरखे घालून माणसं जमायची आणि क्रूस पेटवायची, या फ्रेंच बोलणाऱ्या कॅथलिकांनी निघून जावं म्हणून. आजोबांच्या शाळेत तर मधल्या सुट्टीतही फ्रेंच शब्द निघाला की भिंतीकडे तोंड करून उभं करायचे.

"'म्हणून मी ठरवलं,'" आकोफा सांगत होती, "'माझ्या पोरांना कुणी परकं म्हणता कामा नये. त्यांच्याशी मी घरात कधी फ्रेंच बोललो नाही. आणि आता...'" ती थांबली.

"आता काय?"

"'आता मीच त्यांना परका झालो.'"

रेमीनं दोरी खाली ठेवली. आजोबांच्या खांद्यावर कपाळ टेकून तो बसून राहिला. आजोबांनी नातवाचे आखूड केस कुरवाळले आणि आकोफाला हळूच म्हणाले, हे भाषांतर नको करूस पोरी, पण हा तुझ्याकडे बघतो ना, तसा मी माझ्या बायकोकडे, लॉरेटकडे बघायचो. तिनं नाहीच केलं.

घरी आल्यावर तिची सोबतीण पेलाजी, कॉंगोची, वयानं थोरली, दारातच म्हणाली, "म्हाताऱ्यासाठी जातेस ना रविवारची? मग ओठांना रंग कुणासाठी?"

"थंडीनं फुटतात म्हणून."

"लाल रंगाचं औषध आलंय का बाजारात," पेलाजी म्हणाली आणि भात वाढू लागली.

आजोबांचा वाढदिवस आला तो सगळं बिघडवून गेला. रेमीची आत्या क्लॉडेट त्या दिवशी जेवायला होती. नीटनेटकी, कपाळावर एक केस इकडचा तिकडे नाही अशी बाई. वडिलांच्या आजारात सगळी धावपळ तिनंच केली होती. आकोफाशीही गोड बोलली, केकचा मोठा तुकडा दिला. मग बोलणं शाळेकडे वळलं. शाळेच्या सूचना आता चार भाषांत निघतात, वर्गात निम्मी मुलं नवीन आलेल्यांची. क्लॉडेट म्हणाली, आमच्या गावाइतकं सहनशील गाव शोधून सापडायचं नाही. पण खपवून घ्यायचं तरी किती? या लोकांना आपल्यासारखं व्हायचंच नसतं.

मग आकोफाच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुझ्याबद्दल नाही हं बोलत मी."

आजोबांनी चमचा थांबवला. लेकीचा सूर त्यांना कळला असावा. "काय म्हणतेय क्लॉडेट?"

"राहू दे, आकोफा," रेमी पुटपुटला.

इतके रविवार तिनं कितीतरी वाक्यं गाळली होती. टोमणे, चहाड्या, कौतुकं. ते गाळण्यात मजा होती. हे गाळलं तर मजा नव्हती, नुसता भित्रेपणा होता. तिनं सगळं सांगितलं, क्लॉडेटचे शब्द होते तसे, शेवटचं 'तुझ्याबद्दल नाही हं'सुद्धा.

आजोबा सावकाश, एकेक वाक्य तोडून बोलले, तिला सांगता यावं म्हणून. आणि तिनं सांगितलं, न अडखळता.

"'क्लॉडेट, माझ्या आईलाही हे गाव खपवून घेत होतं. घरमालक पाटी लावायचे, फ्रेंचांना खोली नाही. शेजारी म्हणायचे, यांना आपल्यासारखं व्हायचंच नसतं. मी झालो त्यांच्यासारखा. पार झालो. आणि आज स्वतःच्या लेकीशी बोलायला मला टोगोची पोर मध्ये लागते.'"

क्लॉडेटच्या गालांवर लाल डाग उमटले.

"हे माझे वडील बोलले नाहीत," ती म्हणाली. "ही बोलतेय. त्यांच्या नावावर स्वतःचं खपवतेय. माझे वडील असलं काही कधीच बोलले नाहीत आजवर." मग रेमीकडे वळून तिनं विचारलं, "तूच सांग. तुला कळलं ते काय म्हणाले?"

आकोफानं रेमीकडे पाहिलं. तो ताटलीकडे बघत होता. त्यानं एकदा वर पाहिलं, तोंड उघडलं... आणि मिटलं.

तिनं उठून कोट घातला. आजोबांच्या दोन्ही गालांची पापी घेतली. दारापर्यंत कुणी आलं नाही.

तिचा चुलतभाऊ ओमाहाला होता. तिथे टोगोची पुष्कळ घरं, आपलं चर्च, आपलं जेवण, कामही बरं. तो कधीपासून बोलावत होता. आकोफानं त्याला कळवून टाकलं की वर्ग संपला की येते.

"एक पुरुष गप्प बसला म्हणून तू अर्धा देश ओलांडून जाणार?" पेलाजीनं विचारलं.

"मी खोटं बोलले असं त्यानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. तो काहीच बोलला नाही. काहीच न बोलणाऱ्याशी काय भांडायचं?"

म्हाताऱ्याला सोडणं मात्र तिला जमत नव्हतं. ती संध्याकाळी फोन करायची. रेमी उचलायचा, 'देतो' एवढंच म्हणायचा आणि फोन आजोबांच्या कानाला लावायचा. आजोबा सांगायचे, हा गाढव इथेच उभा आहे, नासलेल्या दुधासारखं तोंड करून. आकोफा विषय बदलायची.

मग एका संध्याकाळी फोन उचलला गेला आणि पलीकडून फ्रेंच आली. आजोबांची नव्हे. एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत होता कुणीतरी.

"शुभ संध्याकाळ. मी रेमी आहे. पेपेर... जेवतो. चांगला जेवतो. तू... कशी आहेस?"

आणि तो उत्तरासाठी थांबला. बराच वेळ.

"बरी नाहीये," ती म्हणाली.

पलीकडे कागद फडफडले. "थांब... मला फक्त 'मी मजेत आहे' याच्या पुढचं वाक्य पाठ आहे."

आकोफाला हसू आलं. इतकं की तोंडावर हात धरावा लागला.

मग त्यानं इंग्रजीत सांगितलं. जुन्या चर्चच्या सभागृहात दर मंगळवारी गावातली फ्रेंच बोलणारी म्हातारी माणसं जमतात, आणि हल्ली त्यांच्यात कॉंगोचेही लोक येऊन बसतात. तो आजोबांना तिथे नेऊ लागला होता. आजोबांना तर सणच झाला होता. तिसऱ्या खेपेला त्यानं आत्यालाही नेलं. आजोबांनी तिथे सगळ्यांसमोर तेच पुन्हा सांगितलं, आईची गोष्ट, पाटीची गोष्ट, आणि शेजारच्या एका म्हातारीनं, क्लॉडेट जिला लहानपणापासून ओळखते तिनं, ते तिला इंग्रजीत सांगितलं. अगदी तसंच.

"म्हणजे तुम्ही मला पडताळून पाहिलंत," आकोफा म्हणाली.

"आत्याला पडताळायचं होतं. मला नव्हतं." मग म्हणाला, "शनिवारी तळ्यावर येशील? बर्फ पातळ व्हायच्या आत खोपटी काढायची आहे. पेपेरनं सांगितलंय, तू नाही आलीस तर ते खोपटीतच बसून राहणार."

"असं ते म्हणाले?"

"साधारण असंच. फ्रेंच भाषा पाल्हाळिक आहे, मी आटोपतं घेतलं."

शनिवारी ऊन होतं. तळ्याच्या कडेला पाणी सुटायला लागलं होतं, मधला बर्फ करडा झाला होता. आजोबा काठावर, निसरड्यात पाय घसरू नये म्हणून चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी. खुर्चीमागे क्लॉडेट आत्या. आकोफाला बघून ती जागच्या जागी हलली. माफीबिफी तिनं मागितली नाही. थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली आणि पुढे केली.

"दूध नाही घातलं. तू घेत नाहीस, माझ्या लक्षात आहे."

आकोफानं झाकण घेतलं. "थँक यू." आणि दोघी शेजारी उभ्या राहून बर्फावरून खोपटी ओढत आणणाऱ्या रेमीकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं क्लॉडेट म्हणाली की ती दर मंगळवारी जाते आता, पण तिला नुसतं 'नमस्कार' आणि 'बटाटा' येतं. आकोफा म्हणाली, सुरुवातीला तेवढं पुरतं. मग क्लॉडेट गाडी जवळ आणायला गेली.

रेमी खोपटी काठावर चढवून आला, घामाघूम, धापा टाकत.

"मला त्या दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. उगाच प्रस्तावना नाही केली. "ते काय बोलले त्यातलं अर्ध्याहून जास्त. आई, घर, लेक, एवढे शब्द रविवारी तुमचं ऐकून ऐकून यायला लागले होते मला. तू खरं सांगत होतीस हे मला माहीत होतं. बोललो असतो तर आत्या सुटली असती माझ्या हातून. माझ्याकडे माणसं कमी आहेत, आकोफा."

"आणि माझ्याकडे या गावात किती आहेत असं वाटतं तुला?"

त्यानं मान खाली घातली, पण या वेळी गप्प राहिला नाही. "चुकलो. दुसऱ्या दिवशी आत्याकडे जाऊन बोललो, पण बोलायचं तेव्हा नाही बोललो. ओमाहाचं मला मंगळवारी सभागृहात पेलाजीनं सांगितलं. जायचं असेल तर मी अडवणार नाही. पण त्याआधी एक सांगायचंय, आणि ते मध्ये कुणी न घेता सांगायचंय."

त्यानं टोपी काढली. खोल श्वास घेतला. आणि फ्रेंचमध्ये, सावकाश, तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "ज तेम... ब्यँ."

आकोफानं ओठ दाबून धरले. खुर्चीतून आजोबांचा एक विचित्र आवाज आला, आणि मग ते खोकला येईपर्यंत हसले.

"काय चुकलं?" रेमी कानापर्यंत लाल झाला. "ज तेम म्हणजे माझं प्रेम आहे. आणि ब्यँ म्हणजे चांगलं, छान. म्हटलं, नुसतं प्रेम कमी पडेल, म्हणून मी वर..."

"तू वर घातलंस आणि ते खाली गेलं," आकोफा म्हणाली. आवाज तिच्या ताब्यात नव्हता, हसू आणि दुसरं काहीतरी एकत्र येत होतं. "ब्यँ लावलं की त्याचा अर्थ होतो, तू मला बरी वाटतेस. शेजारच्या मावशीला म्हणावं तसं."

"मग काय करू?"

"शेवटचा शब्द काढ."

त्यानं तो काढला. दोनच शब्द उरले, ते त्यानं हळू म्हटले, आणि त्यात एकही चूक नव्हती.

आकोफानं कॉफीचं झाकण खोपटीच्या छपरावर ठेवलं. "ओमाहाला मी जाणार आहे," ती म्हणाली. रेमीचा चेहरा उतरताना तिनं बघितला आणि घाईनं पुढचं सांगितलं. "उन्हाळ्यात, भावाला भेटायला. तूही चल. तिथे सगळे टोगोचे असतील, दिवसभर आमची एवे भाषा बोलतील, आणि गोरा असा तू एकटाच. सगळ्या बायका तुझ्याकडे बघून काहीतरी बोलतील आणि हसतील."

"आणि तू मला भाषांतर करून सांगशील?"

"हवा बरी आहे म्हणतात, एवढं सांगेन."

मग ती पुढे झाली आणि त्याच्या ओल्या, थंड गालावर हात ठेवून तिनं त्याला तेच दोन शब्द परत दिले. त्यांची कपाळं टेकली. तळ्यावर कुठेतरी बर्फ लांबवर तडकत गेला, आणि तिला त्याची भीती वाटली नाही.

खुर्चीतून आजोबा तक्रारीच्या सुरात काहीतरी बोलले.

आकोफानं सवयीनं रेमीला सांगायला तोंड उघडलं. पण तोवर तो वाकून आजोबांच्या पायांभोवती घोंगडी गुंडाळू लागला होता. "कळलं, पेपेर, कळलं," तो त्यांच्या भाषेत म्हणाला, "पाय गार पडलेत. चला घरी." आणि त्यानं खुर्ची वळवली.